मागचा दिवा

ग्रोनिंगेनच्या विटकरी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकी नसलेल्या खोलीत
मी माणसं दमवते.
पगारी काम आहे.

आधी एक कागद देते, मोपेडच्या दुरुस्तीचं माहितीपत्रक.
म्हणते, यातला प्रत्येक ‘ए’ खोडा.
आमच्या डच भाषेत ‘ए’ म्हणजे चिलटं,
पिकल्या पेअरवर बसावीत तितकी.
हात सरावला की नियम बदलते:
शेजारी दुसरा स्वर असेल, तर आता सोडून द्या.
सवयीला लगाम घालताना माणूस आतून किती झिजतो
ते पेन्सिलीच्या दाबावरून कळतं.
काहींचं टोक मोडतं.

मग पडदा. डावं बोट, उजवं बोट.
हेंड्रिक, मध, याकोब, सुख: डावीकडे.
याह्या, विष, ड्रिस, कुजकं: उजवीकडे.
आणि मग अदलाबदल.
याह्या आणि मध एकाच बोटाखाली येतात,
तिथे बोट अडखळतं,
ओळखीच्याच उंबरठ्याला ठेच लागावी तसं,
सेकंदाच्या पाचव्या हिश्शापुरतं.
तेवढं मी मोजते.

दमलेल्यांची ठेच मोठी निघते, कधी निघतही नाही.
निघाली, तर मनातली अढी उघडी पडली म्हणायची
की नुसताच पाय जड झाला?
आमच्या डॉक्टरीणबाई चष्मा पुसतात,
म्हणतात, अजून चाळीस माणसं आण.

सदतिसावा हार्म डाइकेमा. पाव भाजतो.
रात्री दोनला उठतो, कोपरापर्यंत जुने चटके.
त्याने ‘ए’ असे खोडले, जणू तांदळातले खडे वेचतोय.
शेवटी खुर्ची मागे सारून म्हणाला,
“किती निघालं?”
सांगता येत नाही, मी म्हटलं. नियम आहे.
“मी सांगू?” तो म्हणाला.
“काल पहाटे पीठ सांडलं, आधी योरिटकडून,
मग सुफियानकडून. तेवढंच, मूठभर.
मी दमलेला होतो, म्हणून ओरडलो.
बायकोलाही तेच सांगितलं: दमलो होतो गं.
पण बाई, दमतो मी दोघांपुढे,
आणि ओरडायला सापडतो तो एकच.
हे तुमच्या यंत्रात कुठल्या बोटाखाली येतं?”

मी त्याला साडेसात युरो दिले, सही घेतली.
जाताना त्याने पेन्सिलीचं मोडलेलं टोक उचलून
कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

सातला सायकल काढली. समोरून वारा,
डोक्यात दिवसभराचे ‘ए’ घोंघावत.
कालव्यावरचा पूल वर उचललेला,
एक मालबोट अशी सरकत होती, जणू तिला घरच नाही.
शेजारी येऊन थांबला एक पोरगा,
काळी टोपी, वीस-बावीसचा,
कुठल्या बोटाखालचं नाव असेल त्याचं ते मला
विचारायच्या आधीच ठाऊक झालं होतं.
आणि पुढच्या टोपलीतली माझी पिशवी
माझ्याच हाताने
दुसऱ्या बाजूला सरकवली.

मी पाहिलं ते सरकवून झाल्यावर.
मग माझं शहाणपण आलं, धापा टाकत,
गाडी सुटल्यावर फलाटावर पोचावं तसं,
आणि मोठ्याने म्हणालं, “काय वारा आहे ना!”
जरा जास्तच गोड आवाजात.

हात खरा की आवाज?
तीन वर्षं हेच विचारण्याचे पैसे घेते मी.
थकले होते, म्हणता आलं असतं.
हार्मनेही म्हटलं होतं.

पूल खाली आला. घंटा थांबली.
पोरगा पेडलवर पाय ठेवता ठेवता वळला,
माझ्या चाकाकडे बोट दाखवत म्हणाला,
“मॅडम, तुमचा मागचा दिवा बंद आहे.
तुम्हाला दिसत नसेल.”